फ्लॅटहेड सहा-सिलिंडर इंजिनाची शक्तिवृद्धी

फ्लॅटहेड सहा-सिलिंडर इंजिन म्हणजे एका रांगेत सहा सिलिंडर असलेले आणि झडपा सिलिंडर हेडमध्ये नसून सिलिंडरच्या शेजारी, इंजिनाच्या ठोकळ्यातच बसवलेले पेट्रोल इंजिन होय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः अमेरिकेत, ही रचना मोटारी, मालट्रक, शेतीची यंत्रे आणि लहान नौका यांत सर्रास वापरली जात असे. प्लिमथ, डॉज, डी सोटो, क्रायस्लर, हडसन, पॅकार्ड, स्टुडबेकर, ग्रॅहॅम अशा अनेक नावांच्या गाड्यांत ती आढळते. १९५० च्या दशकात हेडमध्ये झडपा असलेल्या इंजिनांनी तिची जागा घेतली. जुन्या गाड्यांचे जतन करणाऱ्यांमध्ये आणि काही शर्यतींच्या वर्गांत मात्र ही इंजिने आजही चालू स्थितीत आहेत आणि त्यांच्यापासून मूळ क्षमतेपेक्षा अधिक शक्ती मिळवण्याचे प्रयत्न होतात. या प्रयत्नांना एक मूलभूत मर्यादा आहे. या रचनेत संपीडन वाढवणे आणि इंजिनाला मोकळा श्वास देणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात.

रचना आणि तिचे परिणाम

या इंजिनात झडपा ठोकळ्यात असल्यामुळे हेड म्हणजे केवळ एक सपाट झाकण असते. त्यात ज्वलनकोठीची पोकळी, पाण्याचे मार्ग आणि स्पार्क प्लगची भोके एवढेच असते. फ्लॅटहेड हे नाव त्यावरूनच पडले. कॅमशाफ्ट झडपांच्या बरोबर खाली असतो. त्यामुळे लांब दांडे किंवा रॉकर लागत नाहीत, फिरणारे भाग कमी असतात, आवाज कमी होतो आणि दुरुस्ती साध्या हत्यारांनी करता येते. टॅपेटची फट पाहण्यासाठी इंजिनाच्या कुशीवरील झाकण काढले की काम होते. अशा इंजिनांची कीर्ती दीर्घायुषी म्हणून झाली ती यामुळेच.

मात्र या सोयीची किंमत वायूच्या प्रवासात मोजावी लागते. कार्ब्युरेटरमधून आलेले इंधन-हवेचे मिश्रण ठोकळ्यातील मार्गाने झडपेखाली येते, उघड्या झडपेभोवतीने वर चढते, हेडच्या छताला थडकून आडवे वळते आणि मग दट्ट्याच्या डोक्यावर, म्हणजे पिस्टनवर, उतरते. जळालेल्या वायूला हाच प्रवास उलट दिशेने करावा लागतो. झडपा आणि सिलिंडर यांच्यामध्ये हेडच्या छताखाली जी अरुंद वाट असते तिला येथे संक्रमणमार्ग म्हटले आहे. इंजिनाच्या शक्तीचे बरेचसे गणित या वाटेच्या उंचीभोवती फिरते.

दुसरा परिणाम ज्वलनकोठीच्या आकाराचा. ती सिलिंडर आणि झडपा या दोहोंवर पसरलेली असल्यामुळे तिच्या भिंतींचे क्षेत्रफळ घनफळाच्या मानाने मोठे असते आणि ज्वलनाची बरीच उष्णता पाण्यात जाते. ज्योतीला लांबचा पल्ला गाठावा लागल्याने दूरच्या कोपऱ्यातील मिश्रण आपोआप पेटण्याचा धोकाही वाढतो. कारागीर यालाच नॉकिंग म्हणतात. इंग्लंडमधील अभियंता हॅरी रिकार्डो यांनी १९१९ मध्ये पेटंट घेतलेल्या हेडने या दोषावर मोठा उपाय केला. त्यांनी ज्वलनकोठी मुख्यतः झडपांच्या वर सरकवली आणि दट्ट्याच्या डोक्याचा बराच भाग हेडच्या अगदी जवळ येईल असे केले. दट्ट्या वर येताना या फटीतील वायू वेगाने बाजूला फेकला जातो, मिश्रणात खळबळ माजते आणि ज्वलन लवकर पूर्ण होते. त्यानंतरच्या बहुतेक फ्लॅटहेड इंजिनांवर रिकार्डो यांच्या विचाराची छाप आहे. त्यांच्याविना ही रचना १९५० पर्यंत टिकली असती असे वाटत नाही.

संपीडन गुणोत्तर वाढवणे

हेडचा तळ यंत्रावर घासून घेणे हा शक्तिवृद्धीचा सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत प्रचलित उपाय आहे. घासलेल्या हेडमुळे ज्वलनकोठीचे घनफळ कमी होते आणि संपीडन गुणोत्तर वाढते. या उपायाचा लाभ किती, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

प्लिमथचे २१७.८ घन इंची इंजिन घेऊ. त्याच्या सिलिंडरचा व्यास ३.२५ इंच आणि दट्ट्याची धाव ४.३७५ इंच असल्यामुळे एका सिलिंडरचे विस्थापन सुमारे ५९५ घन सेंमी येते. संपीडन गुणोत्तर ६.६ धरल्यास दट्ट्या सर्वांत वर असताना उरलेली जागा सुमारे १०६ घन सेंमी असते. हेडमधील पोकळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ ६५ चौरस सेंमी आहे असे समजून हेड १.५ मिमी घासले तर सुमारे १० घन सेंमी जागा कमी होते आणि गुणोत्तर ७.२ च्या जवळ जाते. आदर्श ऑटो चक्राच्या सूत्रानुसार यामुळे औष्णिक कार्यक्षमता जेमतेम तीन टक्क्यांनी वाढते. मूळ शक्ती ९५ अश्वशक्ती असेल तर ही भर तीन अश्वशक्तींच्या आसपास पडते. ती चालकाला जाणवते ती प्रामुख्याने कमी वेगावरील ओढ आणि इंधनाची थोडी बचत या रूपांत.

गुणोत्तर आणखी वाढवण्याच्या मोहात येथेच अडचण सुरू होते. हेड जितके घासावे तितका झडपांवरील छताचा भाग खाली येतो आणि संक्रमणमार्ग अरुंद होतो. कमी वेगावर हे जाणवत नाही. वेग वाढला की सिलिंडर पुरता भरेनासा होतो आणि संपीडनाने मिळवलेली शक्ती अपुऱ्या भरणाने हातची जाते. झडप पूर्ण उघडल्यावर तिचे डोके आणि छत यांतील अंतरही कमी होते. म्हणून हेड घासल्यावर दट्ट्या आणि झडपा यांच्यावर शाडूसारख्या मऊ मातीचे गोळे ठेवून, हेड तात्पुरते आवळून, क्रँकशाफ्ट हाताने दोन फेरे फिरवला जातो. नंतर हेड काढून दबलेल्या मातीची जाडी मोजतात. ही तपासणी टाळून इंजिन सुरू केल्यास झडप वाकण्याची किंवा हेडला आपटण्याची शक्यता असते.

इंधनाच्या बाजूने पाहिल्यास ही इंजिने आजच्या पेट्रोलपेक्षा बऱ्याच कमी ऑक्टेनच्या इंधनासाठी आखलेली होती. त्यामुळे सात ते आठ दरम्यानचे गुणोत्तर आजच्या साध्या पेट्रोलवर सहसा निर्धोक असते. नॉकिंगची मर्यादा येण्याआधी श्वासाची मर्यादा येते. ॲल्युमिनियमचे हेड उष्णता चटकन वाहून नेते, म्हणून त्यात गुणोत्तर थोडे अधिक ठेवता येते. तथापि तीच वाहून नेलेली उष्णता शक्तीच्या हिशेबातून वजा होते. ॲल्युमिनियमच्या हेडची जाहिरात त्याच्या प्रत्यक्ष लाभाच्या मानाने नेहमीच मोठी राहिली आहे.

श्वास सुधारणे

सिलिंडरमध्ये दर फेरीत जितके अधिक मिश्रण भरेल तितकी शक्ती अधिक. मूळ कारखान्यांनी या इंजिनांना बहुधा एकच एकनळी कार्ब्युरेटर मध्यभागी बसवलेला असे. सहा सिलिंडरांच्या लांब रांगेत मधल्या दोन सिलिंडरांना मिश्रण जवळून मिळते, टोकांच्या सिलिंडरांना दुरून. टोकांना मिश्रण पातळ पडू नये म्हणून सगळ्यांनाच थोडे घट्ट मिश्रण द्यावे लागते. दोन कार्ब्युरेटर बसवण्याचा खरा लाभ अधिक हवा मिळण्यात जितका, तितकाच वाटणी समान होण्यात आहे.

अनेक फ्लॅटहेड सहांमध्ये शेजारच्या दोन सिलिंडरांना मिळून एकच प्रवेशमार्ग असतो, म्हणजे सहा सिलिंडरांना तीनच दारे. प्रज्वलनाचा नेहमीचा क्रम १-५-३-६-२-४ हा आहे आणि लागोपाठच्या दोन सिलिंडरांत क्रँकशाफ्टच्या १२० अंशांचे अंतर असते. या क्रमात ३ आणि ४ हे मधले सिलिंडर एकमेकांपासून समान, ३६० अंशांच्या अंतराने श्वास घेतात. १ आणि २ यांची जोडी मात्र एकदा २४० आणि एकदा ४८० अंशांच्या अंतराने श्वास घेते, आणि ५ व ६ यांचीही गत तीच. मूळ कॅमशाफ्टने हे चालून जाते. झडप दीर्घ काळ उघडी ठेवणारा, शर्यतीचा कॅमशाफ्ट बसवला की २४० अंशांच्या अंतरातील एका सिलिंडरची झडप मिटण्याआधीच दुसऱ्याची उघडते आणि एकाच दारातून दोघे मिश्रण ओढू लागतात. म्हणून या इंजिनांत अति तीव्र कॅमशाफ्ट अनेकदा अपेक्षाभंग करतो. झडप अधिक उंच उचलणाऱ्या कॅमची अडचण आधीच्या विभागात आलीच आहे. उंच उठणाऱ्या झडपेला उंच छत लागते, आणि उंच छत म्हणजे कमी संपीडन.

ठोकळ्याच्या माथ्यावर, झडपा आणि सिलिंडर यांच्यामधील धातूची कड तिरकी खरवडून संक्रमणमार्ग मोकळा करणे, हा या इंजिनांचा खास उपाय होय. यानेही ज्वलनकोठी थोडी मोठी होते आणि संपीडन घटते. ते भरून काढण्यासाठी हेड पुन्हा घासावे लागते. खरवडताना गॅस्केटची बसण्याची जागा आणि दट्ट्याच्या वरच्या कड्याची, म्हणजे रिंगची, पातळी सांभाळावी लागते. जास्त खोल गेलेला खरवडा परत भरता येत नाही. पुष्कळ अनुभवी बांधणीकार खरवडण्यापेक्षा प्रवेशमार्गातील ओतकामाचे खडबडीत उंचवटे काढणे, गॅस्केट आणि मार्ग यांची तोंडे जुळवणे आणि झडपेच्या आसनाखालचा भाग गुळगुळीत करणे यांनाच प्राधान्य देतात. त्यात धोका कमी आणि लाभ निश्चित असतो.

निष्कासाच्या बाजूला उपाय तुलनेने सरळ आहे. सहाही सिलिंडरांचा धूर एकाच नळीत सोडण्याऐवजी पुढच्या तिघांची आणि मागच्या तिघांची नळी वेगळी केली जाते. वरील क्रमात १, २ आणि ३ हे सिलिंडर एकाआड एक पेटतात, त्यामुळे प्रत्येक नळीत बरोबर २४० अंशांच्या अंतराने स्पंद येतात आणि एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. यातून निघणारा घुमारदार आवाज हेच अनेकांच्या दृष्टीने या बदलाचे मुख्य आकर्षण असते. मूळ रचनेत निष्कास नळीच्या उष्णतेने प्रवेश नळीचा तळ गरम होत असे. तो संबंध तोडल्यास थंड हवामानात इंजिन नीट चालेनासे होते, म्हणून काही बदललेल्या नळ्यांत गरम पाणी खेळवण्याची सोय करतात.

क्षमता वाढवणे

श्वासाच्या मर्यादेला बगल देण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे इंजिनच मोठे करणे. सिलिंडरचा व्यास ०.०६० इंचाने वाढवल्यास वरील प्लिमथ इंजिन २१७.८ वरून सुमारे २२६ घन इंचांचे होते, म्हणजे पावणेचार टक्क्यांची वाढ. जुन्या ठोकळ्यांच्या भिंती गंजाने आतून पातळ झालेल्या असू शकतात, म्हणून बोअर करण्यापूर्वी भिंतीची जाडी मोजणे इष्ट.

धाव वाढवणे अधिक फलदायी आहे. क्रायस्लर समूहाच्या २३०.२ घन इंची इंजिनाचा व्यास तोच, ३.२५ इंच, आणि धाव ४.६२५ इंच आहे. त्याचा क्रँकशाफ्ट आणि त्याचेच कनेक्टिंग रॉड २१७.८ च्या ठोकळ्यात बसवता येतात. यात विस्थापन ५.७ टक्के वाढते आणि हेड तेच ठेवले तरी ६.६ चे गुणोत्तर आपोआप ६.९ च्या आसपास जाते. संक्रमणमार्गाला धक्का न लावता संपीडन वाढवणारा हा एक दुर्मीळ उपाय होय.

त्याच समूहाने लांबीने मोठा असा दुसरा ठोकळाही बनवला. डी सोटो आणि क्रायस्लर गाड्यांत तो असे. दोन ठोकळ्यांची ओळख त्यांच्या हेडच्या लांबीवरून, सुमारे २३ इंची आणि २५ इंची, अशी सांगितली जाते. मोठ्या ठोकळ्याची २६४.५ घन इंची आवृत्ती १९५२ च्या क्रायस्लर विंडसरमध्ये ११९ अश्वशक्ती देत असे. त्याच काळातील प्लिमथचे इंजिन ९७ देई. प्लिमथच्या पुढील भागात रेडिएटरची जागा बदलून मोठे इंजिन बसवणे, हे लहान इंजिनावर खर्च करत राहण्यापेक्षा अनेकदा शहाणपणाचे ठरते.

लांब धावेमुळे वेगावर मात्र बंधन येते. हडसनच्या ३०८ घन इंची इंजिनात ११४.३ मिमी धाव आहे. मिनिटाला ३,८०० फेऱ्यांवर दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला साडेचौदा मीटर होतो, ४,५०० फेऱ्यांवर सतरा मीटरच्या पुढे जातो. त्या काळच्या जड ओतीव दट्ट्यांना आणि बेअरिंगांना हे फार काळ झेपत नाही.

बाहेरून हवा दाबून भरणे, म्हणजे सुपरचार्जर, हा उपाय तत्त्वतः या रचनेला सर्वाधिक मानवणारा आहे, कारण तो अरुंद वाटेतूनही मिश्रण रेटतो. ग्रॅहॅम कंपनीने १९३६ पासून फ्लॅटहेड सहा-सिलिंडर गाड्या केंद्रोत्सारी सुपरचार्जरसह विकल्या. त्यांची शक्ती प्रारंभी ११२ आणि पुढे ११६ अश्वशक्ती होती. विस्थापन पुढील काळातील प्लिमथइतकेच, म्हणजे २१७.८ घन इंच होते. प्लिमथचे इंजिन १९४२ मध्ये ९५ अश्वशक्ती देत असे हे लक्षात घेता ग्रॅहॅमचा फरक ठळक दिसतो.

हडसन हॉर्नेट

या इंजिनापासून किती मिळवता येते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९५१ मध्ये आलेली हडसन हॉर्नेट. तिच्या पाच लिटरच्या इंजिनाची घोषित शक्ती १४५ अश्वशक्ती होती. ओल्ड्समोबिलच्या हेडमध्ये झडपा असलेल्या आठ-सिलिंडर इंजिनाने १९४९ मध्ये जवळपास तेवढ्याच विस्थापनातून १३५ अश्वशक्ती दिली होती, त्यामुळे जुन्या रचनेचे इंजिन मागे पडले असे तेव्हा म्हणता आले नसते. क्रायस्लरने मात्र १९५१ मध्येच ३३१ घन इंचांतून १८० अश्वशक्ती काढली आणि पुढचे चित्र स्पष्ट केले.

हडसनने यावर दोन एकनळी कार्ब्युरेटरांची ‘ट्विन-एच पॉवर’ ही जोड दिली. १९५४ मध्ये साधे इंजिन १६० आणि ट्विन-एचसह १७० अश्वशक्तींचे होते. शर्यतींसाठी ‘७-एक्स’ या नावाने मिळणाऱ्या भागांत मोठ्या झडपा, खरवडलेला ठोकळा, अधिक संपीडनाचे हेड, वेगळा कॅमशाफ्ट आणि विभागलेला निष्कास यांचा समावेश होता. अशा इंजिनाची शक्ती सुमारे २१० अश्वशक्ती सांगितली जाते. म्हणजे एका घन इंचामागे ०.४७ वरून ०.६८ अश्वशक्ती. यातील कोणताही एक बदल ही झेप घडवणारा नव्हता. मोठी झडप, मोकळी वाट आणि उंच संपीडन यांचा मेळ कारखान्यातच बसवला गेला होता.

नॅसकार या अमेरिकी शर्यत-संस्थेच्या स्पर्धांत हडसनच्या चालकांनी १९५२ मध्ये ३४ पैकी २७ शर्यती जिंकल्या. त्या वर्षीचे अजिंक्यपद टिम फ्लॉक यांना मिळाले, तर १९५१ आणि १९५३ चे हर्ब टॉमस यांना. या यशाचे श्रेय एकट्या इंजिनाला देणे योग्य नाही. १९४८ पासूनच्या हडसन गाड्यांचा तळ चौकटीच्या आत खाली बसवलेला होता, गुरुत्वमध्य खाली असल्याने त्या वळणावर स्थिर राहत आणि बलाढ्य इंजिनांच्या गाड्यांना तेथेच मागे टाकत. १९५४ मध्ये हडसन आणि नॅश यांचे विलीनीकरण होऊन अमेरिकन मोटर्स ही कंपनी झाली. ३०८ घन इंची इंजिन १९५६ पर्यंत बनत राहिले. २००६ च्या ‘कार्स’ या चित्रपटातील डॉक हडसन या पात्रामुळे नव्या पिढीला ही गाडी ठाऊक झाली.

शीतन आणि वंगण

वाढीव शक्तीचा पहिला आघात झडपांच्या आसनांवर होतो. निष्कास झडपेची उष्णता ठोकळ्यातच राहते आणि झडप व सिलिंडर यांच्यामधील अरुंद भागाला तडे जाऊ शकतात. क्रायस्लर समूहाच्या इंजिनांत पाण्याच्या पंपामागून ठोकळ्याच्या पूर्ण लांबीभर पत्र्याची एक चपटी नळी जाते आणि प्रत्येक झडपेजवळ थंड पाणी पोचवते. ही नळी गंजून गेली की मागचे सिलिंडर तापतात, मात्र तापमापक सर्व ठीक असल्याचे दाखवत राहतो. अशा इंजिनावर शक्तिवृद्धीसाठी खर्च करण्याआधी ती नळी बदलणे, आसनांत कठीण धातूची कडी बसवणे आणि ठोकळ्यातील गाळ काढणे ही कामे व्हायला हवीत. शिसेविरहित पेट्रोलमुळे कठीण आसनांची गरज वाढली आहे.

प्रज्वलनाचा समय संपीडन बदलल्यावर नव्याने लावावा लागतो. बहुतेक वेळा मूळ वितरकच पुरेसा असतो.

भारतातील संबंध

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात क्रायस्लर समूहाच्या परवान्याने डॉज, प्लिमथ आणि डी सोटो गाड्या, तसेच डॉज व फार्गो मालट्रक तयार होत. त्यामुळे क्रायस्लरची फ्लॅटहेड सहा-सिलिंडर इंजिने मुंबई आणि आसपासच्या गॅरेजांना परिचित झाली. आज जतन केलेल्या अशा गाड्यांपुढे इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा वेगळा प्रश्न आहे. इथेनॉलने जुन्या पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधील रबरी भाग आणि बुचाचा तरंगता गोळा खराब होतो. शिवाय मिश्रण पातळ पडते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर मूळ जेट ठेवल्यास इंजिन तापते आणि हेड घासून मिळवलेली ओढही कमी भासते. म्हणून हेड किंवा कॅमशाफ्टला हात लावण्यापूर्वी जेट एक-दोन आकारांनी मोठे करून स्पार्क प्लगच्या टोकाचा रंग पाहतात. तो फिकट तपकिरी असावा. पांढरट असल्यास मिश्रण अजून पातळ आहे.